फवारलं की आठवडाभर बरं, मग पुन्हा मावा: सामायिक बागेतलं हे चक्र कसं तोडायचं

शेंडे चिकट झालेत, कळ्या आखडल्यात, खालच्या पानांवर काळी काजळी धरलीय. फवारणी केली की आठवडाभर झाड स्वच्छ दिसतं, आणि पंधरवड्यात मावा आधीपेक्षा दाट होऊन बसतो. मग औषध बदलायचं, मात्रा वाढवायची, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. चार लोकांनी मिळून राखलेल्या बागेत तर हे जास्तच चालतं, कारण एकाने धीर धरायचं ठरवलं तरी दुसरा पंप भरून उभा असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. वारंवार परत येणारा मावा बहुतेक वेळा औषध कमी पडल्याने येत नाही. त्याला खाणारे कीटक आपण मारून किंवा झाडून काढलेले असतात, म्हणून येतो. त्यामुळे दुरुस्ती तिथून सुरू करायची.

आधी खात्री करा की तो मावाच आहे

पान उलटा. मऊ, टाचणीच्या डोक्याएवढे, हिरवे-काळे-पिवळे किडे कोवळ्या शेंड्यावर दाटीवाटीने बसलेत आणि हात लावला तरी फारसे हलत नाहीत, तर तो मावा. भिंग असेल तर पोटाच्या मागच्या टोकाला दोन बारीक नळ्या दिसतील. दुसऱ्या कुठल्या रसशोषक किडीला त्या नसतात. झाड हलवल्यावर पांढरं काहीतरी भुरकन उडालं तर पांढरी माशी. कापसासारखे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण. पानावर बारीक फिकट ठिपके, खाली तलम जाळं आणि चिकटपणा अजिबात नाही, तर लाल कोळी. लाल कोळी कोरड्या, धुळकट हवेत वाढतो. मित्रकीटक, म्हणजे किडीला खाणारे कीटक, मारणारी फवारणी झाली की तोही उसळतो, पण त्याचे उपाय वेगळे.

एक फसगत इथेच सांगून ठेवतो. पिठ्या ढेकणांवर जगणाऱ्या क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी स्वतःच पांढऱ्या मेणकट झालरींनी झाकलेली असते. ती आकाराने मोठी असते आणि ढेकणांच्या मानाने चांगली झपझप चालते. ‘हा बघा केवढा मोठा ढेकूण’ म्हणून पहिला बळी तिचाच जातो.

तो इतक्या लवकर परत कसा येतो

उबदार दिवसांत मावाच्या मादीला नराची गरज लागत नाही. ती अंडी न घालता थेट पिल्लं देते, त्याही माद्याच, आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीची वाढ आधीच सुरू झालेली असते. हवा अनुकूल असेल तर नवं पिल्लू आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्लं द्यायला लागतं. गर्दी झाली की त्यातल्या काहींना पंख फुटतात आणि ते शेजारच्या झाडावर जातात. ढालकिड्याला मात्र अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. फवारणीने दोघेही मेले, तर मैदानात आधी कोण परतणार हे उघड आहे.

हे गणिताने मांडून जवळपास शंभर वर्षं झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी मंदावली होती. उम्बेर्तो दांकोना या जीवशास्त्रज्ञाने तिथल्या मासळीबाजारांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा त्या वर्षांत शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. मासेमारी कमी झाली तर खाणारेच का वाढावेत, हे कोडं त्याने गणितज्ञ वीतो व्होल्तेरापुढे ठेवलं. व्होल्तेराने १९२६ साली दाखवून दिलं की भक्ष्य आणि भक्षक दोघांनाही सारख्या प्रमाणात मारत राहिलं, तर सरासरीत भक्ष्य वाढतं आणि भक्षक घटतो. मासेमारीच्या जागी फवारणीचा पंप ठेवा, आपल्या बागेचा हिशेब तोच निघतो.

प्रत्यक्षातही हे मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय. कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय बागा एका पांढऱ्या खवले किडीने उद्ध्वस्त व्हायच्या बेतात होत्या. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियाहून रोडोलिया जातीचा ढालकिडा आणून सोडला, आणि कीड थोड्याच काळात आटोक्यात आली. मग १९४० च्या दशकात त्या बागांत डीडीटीची फवारणी सुरू झाली. ढालकिडे मेले आणि दबून राहिलेली ती खवले कीड पुन्हा वर आली. औषध त्या किडीसाठी मारलेलंही नव्हतं.

पंप उचलण्याआधी पाच मिनिटं पान बघा

सगळ्या दुरुस्तीत सर्वात जास्त फरक या पाच मिनिटांनी पडतो, आणि बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात. मावा लागलेले आठ-दहा शेंडे निवडा. सकाळी, ऊन चढायच्या आत, भिंग घेऊन प्रत्येक शेंडा नीट पाहा. काय शोधायचं ते सांगतो.

मावाच्या घोळक्यात काही किडे फुगलेले, गोल, वाळक्या गवताच्या किंवा तांबूस-सोनेरी रंगाचे दिसतील. ते हलत नाहीत. त्यांच्या आत एका बारीक परजीवी गांधीलमाशीची अळी वाढतेय. मादी पोट पायांखालून पुढे वळवून मावाच्या अंगात एक अंडं सोडते. अळी त्याला आतून खाते आणि रिकामं कवच पानाला चिकटून राहतं. काही कवचांच्या पाठीवर कंपासने आखल्यासारखं गोल भोक असेल, म्हणजे माशी बाहेर पडून पुढच्या मावाच्या शोधात गेली. ही माशी माणसाला चावत नाही. ती इतकी लहान असते की बहुतेकांना आयुष्यभर दिसतही नाही. एका शेंड्यावर अशी चार-पाच कवचं सापडली तर त्या झाडाला हात लावू नका. काम सुरू झालंय.

मग काळपट, लांबट, काटेरी, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, मगरीच्या पिल्लासारखी दिसणारी अळी. ही ढालकिड्याची. प्रौढ ढालकिडा सगळ्यांना आवडतो, मुलं तळहातावर घेतात. त्याच्या अळीला मात्र ‘नवीन रोग आलाय’ म्हणून चिरडलं जातं. वाढ पूर्ण होईपर्यंत ही एक अळी शेकडो मावा फस्त करते. पाय नसलेली, फिकट हिरवी, गोगलगायीसारखी सरकणारी अळी दिसली तर ती सिरफिड माशीची. तिला डोळे नसतात. ती डोकं डावी-उजवीकडे फिरवत चाचपडते, मावा लागला की त्याला उचलून धरते आणि रस शोषून कातडं टाकून देते. पानावर केसासारख्या तलम देठांवर उभी असलेली पांढरी अंडी दिसली तर ती क्रायसोपा या मावा खाणाऱ्या कीटकाची. बुरशी समजून पुसू नका.

यातलं काही ना काही निम्म्या शेंड्यांवर सापडलं, तर फवारणी रद्द. दोन-तीन दिवसांनी तेच शेंडे पुन्हा बघायचे. पाहिलेलं वहीत टिपून ठेवा, पुढे उपयोग आहे.

एकही मित्रकीटक दिसला नाही तर? हंगामाच्या सुरुवातीला तसंच असतं. भक्षक भक्ष्याच्या मागून येतात, आधी येऊन खाणार काय? या मधल्या दोन-तीन आठवड्यांतच लोकांचा धीर सुटतो, आणि नेमकी तेव्हाच केलेली फवारणी पुढच्या महिन्याच्या उपद्रवाची पेरणी करते. मोठ्या, मुरलेल्या झाडाला तेवढा मावा सहन होतो. कोवळ्या रोपाला होत नाही, तिथे हात चालवावा लागेल.

हात चालवायचाच असेल तर या क्रमाने

पहिलं पाणी. नळीचा जोरदार पण पान न फाडणारा झोत पानाच्या खालच्या बाजूने, सकाळी, एक-दोन दिवसाआड तीन वेळा. मावाची सोंड पानात रुतलेली असते. झोताने उडालेला मावा बहुधा पुन्हा झाडावर चढू शकत नाही. ढालकिडे परत येतात, त्यांना पंख आहेत.

फार लडबडलेला शेंडा असेल तर सरळ खुडून बादलीत बुडवा. कंटाळवाणं काम, पण एका शेंड्यापुरतं याच्याइतकं नेमकं काहीच नाही.

त्यानंतर साबण, आणि तोही पोटॅशवर बनलेला द्रव साबण, लिटरला १० ते २० मिली. बाटलीवर वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच धरा. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचं डिटर्जंट नको. पानावरचा मेणाचा थर जातो आणि कडा करपतात. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस थांबा. साबण फक्त ओला असताना आणि फक्त ज्याच्या अंगावर पडला त्यालाच मारतो. म्हणजे वाळल्यावर मागून येणारे मित्रकीटक सुरक्षित, पण फवारताना तिथे असलेली सिरफिडची अळीही मरते. म्हणून संपूर्ण झाड नको, लागण झालेले शेंडेच.

कडुनिंबाच्या तेलाचा क्रम याच्याही नंतर. त्यातलं अझाडिरॅक्टिन किडीच्या कात टाकण्यात आणि खाण्यात अडथळा आणतं, त्यामुळे परिणाम सावकाश दिसतो. दुसऱ्याच दिवशी मावा जिवंत दिसला म्हणून पुन्हा मारू नका. उन्हात ते विरून जातं, तेव्हा संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, आणि उमललेल्या फुलांवर कधीच नाही.

पिवळे चिकट सापळे लोक सर्रास लावतात. उघड्यावरच्या बागेत मला ते पटत नाहीत. किती कीड आली हे मोजायला एखादा लावणं वेगळं. ओळीने लावलेत तर परजीवी माशा आणि सिरफिडही त्यालाच चिकटतात.

खत आणि छाटणी: इथे पाणी मुरतं

झाडाच्या रसात साखर भरपूर आणि अमिनो आम्लं जेमतेम असतात. मावाला वाढायला अमिनो आम्लं हवीत, म्हणून तो प्रचंड रस पितो आणि जादा साखर मागच्या बाजूने टाकून देतो. पानांवरचा चिकटा तोच, आणि त्यावर वाढणारी बुरशी म्हणजे काजळी. आता तुम्ही युरिया टाकलात किंवा ताजं, न कुजलेलं खत भरपूर घातलंत, की रसातलं नत्र वाढतं आणि मावाचं अडलेलं काम सोपं होतं. पिल्लं जास्त, तीही लवकर. खत घातल्यावर झाड कसं तरारलं म्हणून कौतुक होतं आणि पाठोपाठ मावा येतो. या दोन गोष्टींचा संबंध फारच थोडे जण लावतात. पूर्ण कुजलेलं कंपोस्ट थोडं थोडं द्या, तेही गरज असेल तिथेच.

छाटणीचंही तेच. सगळं कुंपण एकाच दिवशी कापलं की सगळीकडे एकाच वेळी कोवळी पालवी फुटते. मावाला यापेक्षा चांगलं काय हवं? कुंपण तीन भागांत, काही आठवड्यांच्या अंतराने छाटा. पक्ष्यांची घरटी असतील तर तो भाग पिल्लं उडून जाईपर्यंत सोडून द्या.

मुंग्यांचं थोडक्यात. खोडावरून वर-खाली रांग चालली असेल तर बाकी सगळे उपाय लंगडे पडतात. मुंगी मिशांनी मावाच्या पाठीवर टकटक करते, मावा चिकट्याचा थेंब सोडतो, ती तो पिते. बदल्यात ढालकिड्याच्या अळ्यांना हुसकावून लावते. जमिनीला किंवा कुंपणाला टेकलेल्या फांद्या आधी कापा, नाहीतर त्या पुलावरून वाहतूक चालूच राहते. मग खोडाला कापडी पट्टी घट्ट बांधून तिच्यावर चिकट लेप द्या. थेट सालीवर लावू नका. वरून सैलसर जाळी गुंडाळा, म्हणजे पाखरं आणि पाली चिकटत नाहीत. वारूळ खणून काढायची गरज नाही, मुंग्या जमिनीत चांगलंच काम करतात.

मित्रकीटक येतात, पण राहत नाहीत

अळी मावा खाते, पण प्रौढ सिरफिड आणि परजीवी माशी मध आणि परागावर जगतात. त्यांची तोंडं आखूड, त्यामुळे खोल नळीची किंवा भरगच्च दुहेरी पाकळ्यांची फुलं त्यांच्या कामाची नाहीत. कोथिंबीर, शेपू, बडीशेप, मोहरी यांची काही रोपं कापणी न करता फुलावर जाऊ द्या. एकाच वेळी सगळी नकोत. टप्प्याटप्प्याने पेरा, म्हणजे वर्षभर काहीतरी उमललेलं राहील.

रोपवाटिकेतून ‘फुलपाखरांचं झाड’ म्हणून आणलेल्या रोपालाही कधी कधी आंतरप्रवाही कीटकनाशक दिलेलं असतं. ते मुळांतून रसात, रसातून मधात आणि परागात उतरतं. निओनिकोटिनॉइड गटातली तीन औषधं मधमाश्यांच्या काळजीपोटी युरोपीय संघाने २०१८ साली उघड्या शेतात वापरायला बंद केली, ती याच कारणाने. विकत घेताना विचारा. उत्तर मिळालं नाही तर बी पेरून रोप करा.

आणि पालापाचोळा. ढालकिडे, कोळी, जमिनीवरचे भुंगे, बेडूक प्रतिकूल काळ त्याच्याखाली काढतात. तो गोळा करून जाळला की पुढच्या हंगामातली आपली फौज त्याच धुरात गेली. झाडाखाली, कुंपणाच्या कडेने, चार-पाच बोटं जाडीचा थर राहू द्या; फक्त खोडाला चिकटू देऊ नका. जुनी लाकडं कोपऱ्यात रचून ठेवा. पसरट भांड्यात खडे टाकून पाणी ठेवलंत तर ते दर दोन दिवसांनी ओता आणि नवं भरा, म्हणजे डासांच्या अळ्या वाढायला वेळच मिळत नाही.

खरा अडथळा: देखभालीचं कंत्राट आणि शेजाऱ्यांची नजर

वरचं सगळं एकट्याच्या परसात एका हंगामात जमतं. सामायिक बागेत अडतं ते कागदावर. देखभालीच्या कंत्राटात बहुतेकदा ‘महिन्यातून एक फवारणी’, ‘पालापाचोळा रोज उचलणे’, ‘कुंपण एकसारखे कापणे’ असंच लिहिलेलं असतं. माळी बिचारा लिहिलंय तेच करतो. तुम्ही पुढच्या बैठकीत ‘निसर्ग वाचवा’ असं भाषण न करता ही कलमं बदलून घ्या आणि त्यांच्या जागी तीन गोष्टी लिहून घ्या. फवारणी ठरल्या तारखेला न होता पाहणीनंतर आणि फक्त लागण झालेल्या झाडावर व्हावी, कोणतं औषध कधी मारलं याची नोंद फलकावर लागावी, आणि पाहणीच्या वेळेचे पैसे माळ्याला मिळावेत. हे शेवटचं विसरू नका. फवारणी केली तरच मेहनताना मिळत असेल तर फवारणी होणारच.

शेजाऱ्यांची तक्रार असते ती अस्ताव्यस्तपणाची, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. वाढू दिलेला गवताचा तुकडा बघणाऱ्याला दुर्लक्षित वाटतो, आणि दुर्लक्षित वाटणारी जागा आज ना उद्या ‘नुसती पडून आहे’ म्हणून गाड्या लावायला किंवा फरशी घालायला जाते. म्हणून त्या तुकड्याची कड हातभर रुंदीने स्वच्छ कापा, आतून एक पायवाट काढा, दगडांची ओळ लावा, आणि छोटी पाटी: ‘इथलं गवत आणि पाचोळा मुद्दाम राखला आहे. पुढची कापणी पावसाळ्यानंतर.’ कापणीचा काळ लिहिणं महत्त्वाचं. कुणीतरी लक्ष ठेवून आहे हे त्यातून कळतं, आणि बऱ्याच तक्रारी तिथेच निवतात.

मघाशी म्हटलेली वही इथे कामाला येते. काय दिसलं, कधी दिसलं, सोबत फोटो. जमलं तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरही टाका, तिथे जात ओळखायला इतरांची मदत मिळते आणि नोंद तारखेसह राहते. जागेवर गदा आली तर ‘तिथे फुलपाखरं येतात’ या वाक्यापेक्षा दोन वर्षांची यादी जास्त वजनदार ठरते. बागेच्या नकाशात तो तुकडा नावानिशी दाखवून घ्या आणि बैठकीच्या इतिवृत्तातही येऊ द्या. नाव नसलेला कोपरा कागदावर ‘मोकळी जागा’ म्हणूनच राहतो.

एवढं करूनही त्याच झाडावर येतोय

तर मग झाड बघा. सावलीतलं झाड उन्हात लावलंय का, मुळाशी सिमेंट आलंय का, कुंडीत मुळं गच्च झालीत का, पाणी कधी ओतलं जातं आणि कधी अजिबात नाही, असं चाललंय का? त्रासातलं झाड मावाच्या तावडीत जास्त सापडतं. रुई-कण्हेरीवरचा काळ्या पायांचा पिवळाधमक मावा असेल तर त्याची काळजीच सोडा. तो त्याच कुळातल्या झाडांवर राहतो, तुमच्या गुलाबावर किंवा भाजीवर येत नाही. बाकी एखादं रोप जागा बदलून, खत आवरून, मुंग्या रोखूनही सलग दोन हंगाम मावाने माखत असेल, तर ते काढा आणि तिथे दुसरं काहीतरी लावा.